सोमवारच्या दोन सुया

आगरदांड्याच्या जेटीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं औषधांचं दुकान आहे. दुकानात वजनकाटा आहे, आणि दर सोमवारी सकाळी दिघीची पहिली फेरीबोट सुटायच्या आधी त्यावर दोन जावा चढायच्या. आधी सखुबाई, कारण ती थोरली. मग सगुणाकाकी. ती गुडघ्यावर हात दाबत चढायची.

जानेवारीत एकाच आठवड्यात मुरुडच्या डॉक्टरीणबाईंनी दोघींना आठवड्यातून एकदा टोचून घ्यायचं औषध सुरू केलं होतं. दोघींना मधुमेह, दोघी वजनाने जड. औषधं मात्र वेगळी. सखुबाईच्या हृदयात आदल्या वर्षी स्टेंट बसला होता, त्याचा विचार करून तिला सेमाग्लुटाइड दिलं. सगुणाकाकीची साखर आणि वजन दोन्ही तिच्याहून अधिक, म्हणून तिला टिर्झेपाटाइड. दोन्ही पेनमध्ये भरून येतात. सुई लावायची, आकडा फिरवायचा, पोटाला टोचायचं.

दोघींनी मला फरक विचारला तेव्हा मी तो सांगितला. जेवण आतड्यात पोचलं की शरीर काही संप्रेरकं सोडतं. ती स्वादुपिंडाला जागं करतात, पोट सावकाश रिकामं करतात, मेंदूला पुरे म्हणून कळवतात. सखुबाईचं औषध त्यांतल्या एकाची नक्कल करतं, सगुणाकाकीचं दोन संप्रेरकांची. दोन्ही औषधं शेजारी ठेवून मोठ्या चाचण्या झाल्यात, त्यांत दुसऱ्याने साखर आणि वजन जास्त उतरवलं. एवढं सांगून मी थांबायला हवं होतं. पण सगुणाकाकीचा चेहरा बघून मी म्हटलं, की तुमचं औषध जास्त जोरकस आहे, काकी.

तिला जोरकस औषधच हवं होतं. तिचा नवरा नामाकाका वारल्यापासून तिचं घर दिघीच्या फेऱ्यावर चाललं होतं. जेटीवर मासळी घ्यायची, फेरीबोटीने पलीकडे जायचं, आणि दिवेआगरच्या वाड्यांमधून जिथे पर्यटक उतरतात त्या घरांना ती पुरवायची. पण तिच्या उजव्या गुडघ्यातली कूर्चा संपली होती. जेटीचा उतार तिला उतरवेना. वर्षभर ती ओटीवर बसून मिळेल ती मासळी विकत होती. अलिबागचे शल्यविशारद सांधा बदलायला तयार होते, पण तीन महिन्यांची साखर सांगणारी जी रक्ततपासणी असते तिचा आकडा त्यांना आठच्या खाली हवा होता. तिचा होता नऊ पूर्णांक सहा. आठच्या वर असताना चिरलं तर जखम चिघळायची भीती. त्यांनी तिला ऑगस्टअखेरपर्यंतची मुदत दिली. तिचा मुलगा अल्पेश उरणच्या बंदरावर ट्रेलर चालवतो आणि कळंबोलीला चौथ्या मजल्यावर राहतो. त्याने त्याच मुदतीला आपली अट जोडली. तोवर जमलं नाही तर घराला कुलूप लावायचं आणि त्याच्याकडे येऊन राहायचं.

चौथ्या मजल्यावर बसून मी कोनाला मासली विकू, असं तिने मला विचारलं होतं. हसत विचारलं होतं, पण उत्तरासाठी थांबली होती.

मी एका वहीत दोन रकाने आखले. तारीख, मात्रा, वजन, उपाशीपोटीची साखर. सवयीने आखले, दुसरं काही मनात नव्हतं. पण वही गल्ल्याशेजारी असायची आणि फेरीबोटीची माणसं सुटे पैसे घ्यायला येत, त्यामुळे त्या वहीची शर्यत व्हायला वेळ लागला नाही. तिकीटवाला आत डोकावून विचारायचा, आज कोण पुढे.

दर सोमवारी सखुबाईच पुढे असायची. पहिल्या महिन्यात तिला मळमळलं, भाताचा वास नको झाला, दोन किलो उतरले. मार्चअखेर पाच उतरले. सगुणाकाकीचा काटा शहाऐंशीच्या आसपास खिळून होता. डॉक्टरीणबाईंनी मात्रा वाढवली, मग आणखी वाढवली. मळमळ नाही, भूक कमी नाही, काही नाही. एप्रिलच्या मध्यावर तपासणीचा अहवाल आला. सखुबाई आठ सहावरून सात दोनवर आली होती. सगुणाकाकी नऊ सहावरून नऊ पाचवर.

त्या सोमवारी दुकानात चार माणसं होती. सखुबाईने अहवाल दुमडून कनवटीला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिला सुई पोटाला लागते, जिभेला न्हाय लागत."

माणसं हसली. सगुणाकाकीने कोणाकडे पाहिलं नाही. काट्यावरून उतरली, उंबऱ्याशी थांबली आणि मला म्हणाली, "बाय, मी चोरून काय खाल्लं न्हाय. तुजा तरी विश्वास हाय ना?"

मी हो म्हटलं. पण म्हणायला मला क्षणभर उशीर झाला आणि तो तिला कळला.

दुपारी अल्पेशचा फोन आला. आई चिटिंग करते हे त्याला आधीपासूनच माहीत होतं असं त्याचं म्हणणं. डॉक्टरीणबाई आता रोजचं इन्सुलिन जोडायचा विचार करत होत्या. गावात तर निकाल लागूनच गेला होता. सगुणाकाकीचं नवं औषध म्हणजे नुसता देखावा, सखुबाईचं जुनंच बरं. दोन माणसं माझ्याकडे येऊन आपलं औषध बदलून मागून गेली.

मला दोन्ही उत्तरं पटत नव्हती. हजारो माणसांवर जे औषध चाललं ते एका बाईवर थोडं कमी चालेल, थोडं जास्त चालेल. अगदीच काही करणार नाही हे क्वचित. आणि चोरून खाल्लं म्हणावं तर मळमळ का नाही? उलट या औषधावर असताना तेलकट-गोड चोरून खाणाऱ्याला ती जास्त व्हायला हवी. पंधरा आठवड्यांत तिच्या शरीराने त्या औषधाची दखलच घेतली नव्हती. टोचायची पद्धत मी तिच्याकडून करून घेतली होती. सुई दर वेळी नवी, दाबून दहापर्यंत मोजणं, सगळं बरोबर. उरला एकच प्रश्न, जो मी विचारलाच नव्हता. सोमवार ते सोमवार ते पेन असतं कुठे?

रविवारी दुकान बंद करून मी तिच्या घरी गेले. जाताना दुकानातल्या फ्रिजचा तापमापक बरोबर घेतला. त्याला लांब वायर असते आणि वायरच्या टोकाला तापमान कळतं.

आधी सखुबाईचं घर लागतं. तिचं पेन फ्रिजच्या दारात होतं, लोणच्याच्या बाटलीमागे, जसं बहुतेकांचं असतं. मी पेनबद्दल विचारतेय हे बघून ती माझ्या मागोमाग जावेच्या घरी आली. तिला वाटलं असावं की मी तिथे काही लपवलेलं शोधणार आहे, आणि तिला ते चुकवायचं नव्हतं.

मी पेन बघायला मागितलं, तशी सगुणाकाकीची मान ताठ झाली. ती मला मागच्या पडवीत घेऊन गेली. तिथे तिची मासळीची पेटी होती, पांढरी, थर्माकोलची, बाहेरून गोणपाट गुंडाळलेली. तिने झाकण उघडलं. वर सुरमई, तिच्याखाली बर्फाचा चुरा. तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि तळातून स्टीलचा एक चपटा डबा वर काढला. डब्यात, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं पेन.

"तू सांगितलंस थंड ठेवा," ती म्हणाली. "लाईट गेली तर बर्फ लावा म्हनालीस. माज्याएवढा थंडावा गावात कोनाकडं न्हाय. दोन दिवस लाईट गेली तरी माजं औषध उबलं न्हाय."

मी बर्फाकडे बघत होते. चुऱ्यात जाड, करडे खडे होते.

हे मीठ का, म्हणून मी विचारलं. तिने सांगितलं की तिचं माहेर पेणच्या खाडीवर, बापाचं मिठागर. बर्फात ओंजळभर खडेमीठ टाकलं की थंडी दुप्पट होते, हे बापाने ती नऊ वर्षांची असताना दाखवलं होतं. म्हणून दिवेआगरला पोचेपर्यंत तिच्या मासळीचे डोळे काचेसारखे असायचे, आणि म्हणून तिथल्या घरांना तीच लागायची. इथल्या बायका बर्फात मीठ घालत नाहीत. हे ती सखुबाईकडे बघून म्हणाली.

बापाचं बरोबर होतं. मी हेच अकरावीत रसायनशास्त्राच्या पुस्तकात शिकले. नुसता बर्फ शून्यावर असतो, मीठ घातलेला त्याच्याही खाली जातो. मी वायर तळात सोडली आणि तिघी आकड्याकडे बघत उभ्या राहिलो. दोन. शून्य. उणे तीन. उणे सात. उणे नऊवर आकडा थांबला.

मी तिच्याकडून एक छोटी बाटली मागितली, तिच्यात पाणी भरलं आणि जिथे डबा होता तिथे रोवली. मग चहा झाला. चहा संपल्यावर तिने बाटली काढून उलटी केली. पाणी पडलं नाही.

पाण्यासारखंच औषधही गोठतं, मी सांगितलं. मग ते वितळलं तरी पूर्वीसारखं राहत नाही. त्यातला रेणू एखाद्या बारीक विणकामासारखा असतो, गोठताना ती वीण विसकटू शकते. किती औषध उरलं आणि किती गेलं हे घरात बसून कोणालाच सांगता येत नाही, म्हणून नियम एकच, गोठलेलं पेन टाकून द्यायचं. ती दर सोमवारी पेन बाहेर काढून अंगणात ऊब लागेपर्यंत ठेवायची आणि मग टोचायची. पंधरा सोमवार.

मग मी माझी चूक कबूल केली. "काकी, चूक तुमची नाही. मी अर्धंच सांगितलं. थंड म्हणजे किती थंड, हे मी सांगितलं नाही."

सगुणाकाकीने पेटीचं झाकण लावलं. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती जावेकडे वळली.

"ऐकलंस ना, जाऊबाय? माजी जीभ न्हवती."

सखुबाईने पदर खांद्यावर घेतला, परत सोडला. मग म्हणाली, "माज्या फ्रिजात जागा हाय. लोनचं काढून ठेवते."

मी डॉक्टरीणबाईंना त्याच संध्याकाळी फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिली गोष्ट सांगितली ती मात्रेची. आतापर्यंत काकीला कागदावर तिसऱ्या पायरीची मात्रा होती, पण शरीराला औषधाची ओळखच नव्हती. चांगलं पेन घेऊन तीच मात्रा टोचली असती तर ती उलट्यांनी आडवी झाली असती. पुन्हा सर्वांत खालच्या मात्रेपासून. चार आठवडे, मग वाढ, मग पुन्हा चार आठवडे. मी बोटांवर मोजलं. ऑगस्टअखेरपर्यंत अठरा आठवडे होते. तीन महिन्यांच्या त्या तपासणीतून जुनी साखर पुसली जायला बारा तरी लागतात. जमत होतं, पण एकही सोमवार वाया घालवून चालणार नव्हतं.

मी वहीतला तिचा रकाना आडवी रेघ मारून बंद केला आणि खाली नवा सुरू केला. तिकीटवाल्याने विचारलं तेव्हा सांगितलं की मागचे पंधरा आठवडे धरायचे नाहीत, ती तुलना दोन औषधांची नव्हतीच. एक औषध आणि एक बर्फाचा खडा अशी होती. ते त्याने जेटीवर सगळ्यांना सांगितलं. त्याच्या तोंडून ते माझ्यापेक्षा चांगलं पसरलं.

नवं पेन सखुबाईच्या फ्रिजच्या मधल्या फळीवर राहिलं, मागच्या भिंतीला न टेकता, कारण तिथेही कधी कधी बर्फ धरतो. सोमवारी सगुणाकाकीने सखुबाईच्याच घरी टोचून घेतलं. बुधवारी दुपारी मी दुकानात एकटी असताना ती आली. चेहरा पांढरा, हातात रुमाल, आणि डोळ्यांत असा आनंद की मी उठूनच उभी राहिले.

"बाय," ती म्हणाली, "मना मळमळतंय."

तिला खुर्ची दिली, आल्याचा तुकडा दिला. ती तो चघळत बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली की तिला मळमळतंय. सकाळी तिने बांगड्याचं कालवण केलं आणि अर्धी भाकरी पानात टाकून उठली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. थोडं थोडं खा, तेलकट नको, पाणी पीत राहा, उलटी थांबली नाही तर लगेच कळवा, असं मी सांगत होते. तिला ते ऐकायचंही नव्हतं. तिला जिंकलेल्या माणसासारखं मळमळत होतं.

दोन आठवड्यांत मळमळ ओसरली. भूक कमीच राहिली. मेमध्ये काटा पंचाऐंशीच्या खाली आला, जूनच्या मध्यावर ब्याऐंशीच्या. वजन झपाट्याने उतरताना स्नायूही उतरतात आणि शस्त्रक्रियेनंतर उभं राहायचं ते मांडीच्या स्नायूंवर, म्हणून अंडी, डाळ, मासळी ताटात आधी, भात मागून, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा व्यायामही दिला होता. तो ती ओटीवर बसून करायची, मासळी घ्यायला आलेल्या बायकांशी भाव करता करता.

जूनच्या शेवटी वादळी वारा सुटला आणि वीज गेली. सखुबाईचा फ्रिज बंद पडला. दुसऱ्या दिवशीही वीज नव्हती. मी सगुणाकाकीकडे निघणार तेवढ्यात तिचाच फोन आला. पेटीत बर्फ होता, आणि तिचा हात तिकडे गेला होता, हे तिने आधी कबूल केलं. पण पेन त्यात ठेवलं नाही. तिने पेन कोरड्या डब्यात, डबा रिकाम्या माठात आणि माठ ओल्या गोणपाटात ठेवला होता. माझा तापमापक मी तिच्याकडेच ठेवला होता, तो आत सोडला होता. सव्वीस, ती म्हणाली. चालतं का? तिसाच्या आत काही दिवस चालतं, मी म्हटलं. दर दोन तासांनी तिने आकडा कळवला. सव्वीस, सत्तावीस, सव्वीस. चौथ्या फोननंतर मी म्हटलं की आता नाही सांगितलंत तरी चालेल. तरी तिने सांगितलाच. सखुबाईचं पेनही त्याच माठात होतं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तिचं रक्त मुरुडला गेलं. नारळीपौर्णिमा जवळ आली होती, बोटी रंगवून झाल्या होत्या. अहवाल माझ्या फोनवर यायचा होता. सोमवारी सकाळी दोघी जावा दुकानात आल्या तेव्हा तो आलेला नव्हता. सखुबाई काट्यावर चढली, उतरली. सगुणाकाकी चढली. एकोणऐंशी पूर्णांक चार. जवळजवळ सात किलो. फेरीबोट सुटायला दहा मिनिटं होती आणि तिकीटवाला उगाच दारात रेंगाळत होता.

फोन वाजला. मी आकडा आधी मनात वाचला, मग नाव तपासलं, मग तारीख तपासली, मग परत आकडा.

"सात पूर्णांक चार," मी म्हटलं.

सगुणाकाकी काट्यावरच उभी होती. तिने मला तो परत म्हणायला लावला. मग आठच्या किती खाली ते विचारलं, आणि मी सांगितलं. मग तिने अल्पेशला फोन लावला आणि काही न बोलता फोन माझ्या हातात दिला, की तू सांग, त्याचा माज्यावर विश्वास न्हाय. मी त्याला आकडा सांगितला, आणि पेटीची सगळी हकीकतही, कारण ती त्याला तिने कधीच नीट सांगितली नव्हती. पलीकडे ट्रेलरचं इंजिन ऐकू येत होतं. मग तो म्हणाला, आयेला दे. ती काय ऐकत होती ते मला कळलं नाही. तिने फक्त एवढंच म्हटलं, की असू दे, तू गाडी बघून चालव.

तिकीटवाल्याला निकाल हवा होता. कोण जिंकलं? मी वही उघडून त्याला समजावू लागले की दोन बायकांवरून औषधांची तुलना होत नाही, मात्रा वेगळ्या, आजार वेगळे, सुरुवातीचे आकडे वेगळे. सखुबाईने मला मध्येच थांबवलं.

"सगुना जिंकली," ती म्हणाली. "पंधरा आठवडे मीठ टोचून घेतलंन आनि तोंडातून शब्द काढला न्हाय. मी असते तर बायचं दुकान फोडलं असतं."

अलिबागला ऑक्टोबरमध्ये सांधा बदलला. जखम अकराव्या दिवशी कोरडी होती. सखुबाई तिथे आठ दिवस राहिली आणि दोन्ही पेनं स्वतःच्या पिशवीतून नेली, बर्फाची थैली टॉवेलात गुंडाळून, मध्ये पुठ्ठा घालून. ही युक्ती तिची, माझी नाही. माझ्या दुकानातून आता प्रत्येक पेनबरोबर चिठ्ठी जाते: दोन ते आठ अंश, बर्फाला लावू नका, गोठलं तर वापरू नका. सगुणाकाकी दुकानात असेल तर ती चिठ्ठी देऊ देत नाही. ती स्वतः सांगते, मिठासकट सगळं, आणि गिऱ्हाइकाकडून परत म्हणवून घेते.

जानेवारीच्या एका सोमवारी ती पहाटेच आली. वजन केलं, पेन सखुबाईकडे ठेवून आल्याचं सांगितलं. दारात अल्पेशने आणून दिलेली चाकांची गाडी होती आणि गाडीवर पेटी, गोणपाटात. आत मीठ घातलंय का, मी विचारलं. मासलीला घातलंय, ती म्हणाली, मासलीला लागतंच.

मी दुकान उघडं टाकून तिच्यामागे जेटीपर्यंत गेले. उताराच्या तोंडाशी ती थांबली. गाडी तिकीटवाल्याने पुढे धरली. तिने पदर खोचला, उजवा पाय टाकला, मग डावा, आणि कठड्याला हात न लावता खालपर्यंत उतरली. वर सखुबाई उभी होती, ती पावलं मोजत असावी, तिचे ओठ हलत होते.

फेरीबोटीत गर्दी नव्हती, बाकं रिकामी होती. सगुणाकाकी पेटीशेजारी उभी राहिली. बोट खाडीच्या मध्यावर गेली तरी ती बसलेली दिसली नाही.